टॉवरला विरोध जरूर करा, पण आधी दाखला वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विश्रामबागेत मोबाइल टॉवरचं साहित्य घेऊन आलेला ट्रक रहिवाशांनी अडवला, ही बातमी आपल्या अंकात वाचली. फोटोत गल्लीतल्या बायका रस्त्यावर बसलेल्या, मागे आजी-माजी नगरसेवक उभे, आणि एका पोराच्या हातात पुठ्ठ्याचा फलक, ‘कॅन्सरचा टॉवर हटवा’. असलाच फलक मी गेली बारा-तेरा वर्षं सांगली, मिरज, कुपवाड अशा तिन्ही ठिकाणी पाहतोय. आणि चार-सहा महिन्यांनी त्याच जागेवर टॉवर उभा राहिलेलाही पाहतोय. त्या बायकांची काळजी खोटी नाही, पण भांडण चुकीच्या मुद्द्यावर चाललंय; वाचायला हवा तो इमारतीच्या मजबुतीचा दाखला. म्हणून हे पत्र.

रेडिएशनचा मुद्दा कोर्टात टिकत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या चिखलहोळ ग्रामपंचायतीने गावकऱ्यांच्या तक्रारीवरून टॉवरचं काम थांबवण्याचा ठराव केला होता. 2022 साली मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. टॉवरच्या लहरींनी अपाय होतो याला शास्त्रीय आधार दाखवता आला नाही, हे त्यामागचं कारण. तरी पुढच्या गावाने पुन्हा तोच ठराव करायचा, पुन्हा वकिलाची फी भरायची, याला काय म्हणावं?

आकडे सांगतो, म्हणजे मी कंपनीचा माणूस आहे असं कुणाला वाटायला नको. 900 मेगाहर्ट्झला आंतरराष्ट्रीय मर्यादा दर चौरस मीटरला 4.5 वॉट आहे. आपल्याकडे 1 सप्टेंबर 2012 पासून तिचा दहावा हिस्सा, म्हणजे 0.45 वॉट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2011 मध्ये या लहरी ‘2 बी’ गटात टाकल्या, म्हणजे ‘कदाचित कॅन्सर होऊ शकेल’वाल्या गटात. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत. (आपलं कैरीचं लोणचं त्यात धरायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं.) शिवाय टॉवर जितका लांब, तितका हातातला फोन जास्त जोर लावतो, आणि तो फोन आपण कानाला चिकटवूनच बोलतो.

आमच्या अपार्टमेंटसमोरच्या इमारतीवर टॉवर आला तेव्हा आम्हीही घाबरलो होतो. केंद्राच्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर 4000 रुपये भरले की दूरसंचार खात्याची माणसं घरी येऊन लहरी मोजून देतात. आमचे वीस फ्लॅट, घरटी दोनशे रुपये काढले. मोजणी मर्यादेच्या पुष्कळ आत निघाली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं समाधान झालं नाही ते नाहीच, पण निदान रोजची चर्चा तरी थांबली.

एक गोष्ट मात्र या निमित्ताने कळली, जी फारसं कुणी सांगत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं अँटेनाच्या थेट खाली लहरींचा जोर कमी असतो. समोर, तेवढ्याच उंचीवर जी खिडकी येते, तिथे तो जास्त. म्हणजे भाडं खालच्याला आणि लहरी समोरच्याला. पूर्वी केंद्राच्या सूचनांत त्यासाठी एक तक्ता होता: समोर एक अँटेना असेल तर इमारत 20 मीटरवर हवी, दोन असतील तर 35 मीटरवर. आमच्या गल्लीची रुंदी मी स्वतः टेपने मोजली आहे, 9 मीटर. तेव्हा ज्याच्या गच्चीवर टॉवर येतोय त्याच्यापेक्षा समोरच्याने मोजणी मागावी. मागायची तर मोजणी मागा, फलक नको.

आता मूळ मुद्दा. ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राने ‘राइट ऑफ वे’च्या, म्हणजे टॉवर-केबलला जागा मिळण्याच्या, नियमांत दुरुस्ती केली. तिच्यानुसार खाजगी जागेवर टॉवर किंवा खांब उभारायला स्थानिक संस्थेची परवानगी लागेनाशी झाली. काम सुरू करण्याआधी लेखी कळवायचं, इमारतीचा तपशील द्यायचा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा मजबुतीचा दाखला जोडायचा, झालं. पुढे 1 जानेवारी 2025 पासून दूरसंचार कायदा 2023 खालचे नवे नियम आले, त्यांचाही रोख टॉवर लवकर उभा राहावा याकडेच आहे. त्या कायद्यात टॉवर हा मिळकतीचा भाग धरायचा नाही, असंही कलम आहे. 2016 च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने टॉवरवर घरपट्टी लावता येते असं सांगितलं होतं, त्या वसुलीची आशाही या कलमाने गेल्यात जमा. सांगायचा मुद्दा हा की ‘परवानगी रद्द करा’ म्हणून महापालिकेवर मोर्चा नेला, तरी रद्द करायला तिथे परवानगीच नसते. हातात राहतो तो एकच कागद, तो दाखला. 2013 च्या केंद्राच्या सूचनांतही तो होता, 2022 च्या दुरुस्तीतही. आणि तोच कोणी वाचत नाही.

मी सरकारी बांधकाम खात्यात एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. कॉलम आणि बीम काढण्यात डोळे गेले. दोन वर्षांपूर्वी मागच्या गल्लीतल्या एका ओळखीच्यांनी तो दाखला मला दाखवला. तळमजला अधिक तीन मजले, 1988 सालची इमारत. दाखल्यावर शिक्का होता, सही होती, ‘सदर इमारत टॉवरचा भार पेलण्यास सक्षम आहे’ हे वाक्यही होतं. आत कॉलमची संख्या 12. आम्ही खाली पार्किंगमध्ये उतरून मोजले, भरले 16. इमारतीचं वर्णन ‘तळमजला अधिक चार’. म्हणजे कुठल्या तरी दुसऱ्याच इमारतीचा दाखला, वरचं नाव तेवढं बदललेलं. त्या इंजिनिअरने त्या गल्लीत पाऊल तरी टाकलं होतं का, कोण जाणे.

मग गच्चीवर गेलो. गच्चीवरचा टॉवर कसा बसवायचा, तर लोखंडी आय-सेक्शनचे (इंग्रजी I आकाराचे) बीम टाकायचे आणि त्यांची टोकं कॉलमच्या डोक्यावर येतील असे ठोकळे ओतायचे. भार कॉलममधून सरळ पायात उतरला पाहिजे, स्लॅबवर यायला नको. इथे चारपैकी तीन ठोकळे कॉलमवर होते, चौथा मात्र पाण्याच्या टाकीला अडचण नको म्हणून दीड-दोन फूट सरकवून नुसत्या स्लॅबवर बसवलेला. भर म्हणून अँकर बोल्ट थेट पाणी अडवणाऱ्या कोब्यातून आरपार मारलेले. पहिल्याच पावसाळ्यात खालच्या फ्लॅटच्या बाथरूमला ओल आली. दुसऱ्या पावसाळ्यात छताच्या प्लॅस्टरचा परातीएवढा तुकडा बेसिनमध्ये पडला. त्या घरातल्या आजी दोन मिनिटांपूर्वीच तिथून बाहेर आल्या होत्या. मला विचाराल तर टॉवरचा धोका तो आहे, आणि तो मोजायला लहरींचं यंत्र लागत नाही, टेप आणि टॉर्च पुरते. कोयनेचा 1967 चा हादरा सांगलीत ज्यांनी अनुभवला, त्यांना गच्चीवरच्या लोखंडाची भीती वेगळी समजवावी लागणार नाही.

त्याच इमारतीचा जनरेटर. तो ठेवला होता बाजूच्या सामासिक अंतरात, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, जिथून उद्या आग लागली तर बंब किंवा निदान शिडी तरी जायला हवी. धुराची नळी पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली संपलेली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं साधं सूत्र आहे: जनरेटर ज्या इमारतीत आहे तिच्या उंचीत केव्हीएच्या (जनरेटरच्या क्षमतेचं माप) वर्गमूळाच्या 0.2 पट मिळवायचे, तेवढी उंच धुराची नळी हवी. 25 केव्हीएचा जनरेटर असेल तर 25 चं वर्गमूळ 5, त्याच्या 0.2 पट म्हणजे 1. नळी इमारतीच्याही वर 1 मीटर पाहिजे. हे गणित सातवीतलं पोर करेल. आवाजाचंही तसंच आहे. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल, आणि आमच्याकडे लाइट गेली की रात्री दोन वाजता ट्रॅक्टर अंगणात आल्यासारखं वाटायचं. ओळखीच्यांनी सूत्र आणि फोटो जोडून एक पानाचा अर्ज दिला. महिन्याभरात नळी वर गेली. इतक्या वर्षांत टॉवरविरुद्ध यशस्वी झालेला मी पाहिलेला हा एकमेव अर्ज, आणि त्यात कॅन्सर हा शब्द नव्हता.

आता नदीकडे वळतो, कारण सांगलीत राहून टॉवरबद्दल लिहायचं आणि महापुराबद्दल नाही, हे जमायचं नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट. माझी बहीण नदीकाठच्या गावभागात वरच्या मजल्यावर, सोबत आजारी सासू. वीज सुरक्षेसाठी बंद केलेली. जवळच्या आवारातला टॉवर काही तास बॅटरीवर चालला आणि मग गप्प झाला, कारण त्याचा जनरेटर फूटभर उंचीच्या कट्ट्यावर होता आणि कट्टा केव्हाच बुडालेला. तिचा शेवटचा फोन आला तो ‘आता जिन्याच्या सातव्या पायरीला पाणी’ एवढंच सांगून तुटला. पुढे दीड दिवस आम्हाला काही कळलं नाही. बोटीतून आलेल्या पोरांनी दोघींना आणलं तेव्हा जिवात जीव आला. 2021 ला पुन्हा पाणी आलं, तेव्हाही तो कट्टा तेवढाच उंच होता.

त्या दीड दिवसात मला टॉवर हवा होता, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. म्हणून ‘आमच्या गल्लीत नको’ असं सरसकट म्हणायला जीभ रेटत नाही. पाटबंधारे खात्याने पुराची निळी आणि लाल रेषा आखलेली आहे. घर बांधताना ती आपल्याला दाखवली जाते. मग त्या रेषेच्या आतल्या टॉवरचा जनरेटर आणि बॅटऱ्या 2019 च्या पाण्याच्या वर ठेवा, हे टॉवरवाल्यांना कोण सांगणार? माझ्या मते महापालिकेने टॉवरच्या बाबतीत एक गोष्ट जरी हट्टाने धरली तरी ती ही धरावी. याला कोणतंही कोर्ट हरकत घेणार नाही.

बाकी माझं मागणं फार मोठं नाही. टॉवरची लेखी सूचना आली की ती, दाखला आणि गच्चीचा नकाशा यांच्या प्रती त्या इमारतीच्या दर्शनी भागात आणि प्रभाग कार्यालयाच्या फलकावर काम सुरू होण्याआधी लावाव्यात. शेजाऱ्यांना त्या वाचता याव्यात, झेरॉक्स काढता याव्यात. महापालिकेच्या एखाद्या इंजिनिअरने दहातले दोन दाखले तरी प्रत्यक्ष गच्चीवर जाऊन ताडून पाहावेत. दोन दाखले खोटे निघाले की बाकीचे आठ आपोआप खरे व्हायला लागतील, हा माझा नोकरीतला अनुभव. सोसायट्यांनीही भाड्याच्या रकमेकडे पाहून सह्या करताना वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना आधी विचारावं. गळणार त्यांचंच आहे.

आणि हो, ‘तुमच्या जागेत टॉवर बसवतो, आधी डिपॉझिट भरा’ असे फोन येतात, त्यांच्या नादी लागू नका. ट्राय (दूरसंचार नियामक) किंवा दूरसंचार खातं असले पैसे मागत नाही, तसली ना-हरकत पत्रंही देत नाही. कुपवाडचे माझे एक मित्र याच नादात पस्तीस हजाराला बुडाले.

ज्या कॉलनीने ट्रक अडवला त्यांना सांगायचंय की फलक राहू द्या बाजूला, तो दाखला मिळवा. मिळाला की माझ्याकडे आणा, दर रविवारी सकाळी दहापर्यंत मी घरीच असतो, पत्ता संपादकांकडे दिला आहे. फी काही नाही. येताना इमारतीचा मंजूर नकाशा तेवढा घेऊन या, झेरॉक्स चालेल. आणि गच्चीची किल्ली.

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन
विश्रामबाग, सांगली