दोन ओठांची फुंक आणि अडीच नंबरची रीड: सरांना पत्र

आदरणीय सर,
सा. न.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र. तुम्ही मला जे दाखवलंत ते आणखी कुणाच्या तरी उपयोगी पडेल, हाही हेतू आहेच.

वरचे दात माऊथपीसवर न टेकवता दोन्ही ओठ दातांवर मुडपून क्लॅरिनेट वाजवायचं मी ठरवलं, तेव्हा जो तो साडेतीन नंबरची रीड, म्हणजे माऊथपीसवर बसवायची बोरूची पातळ पट्टी, लावायला सांगत होता. त्याशिवाय म्हणे सूर भरीव येत नाही. तुम्ही नंबराचं नावही काढलं नाहीत. आधी माऊथपीस मागून घेतलात आणि उजेडात धरून टोकाशी फट किती आहे ते पाहिलंत. फट मोठी असेल तर रीड नरम हवी, लहान असेल तर थोडी कडक चालते. ‘नंबर बोरूच्या ताठपणाचा असतो, वाजवणाऱ्याच्या तयारीचा नव्हे,’ हे तुमचं वाक्य मी कित्येकांना ऐकवलं आहे.

मग अडीच नंबरची रीड लावून मोझार्टच्या 1791 सालच्या क्लॅरिनेट कॉन्चेर्तोतल्या (क्लॅरिनेट आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेतल्या) अडाजिओची, म्हणजे संथ भागाची, सुरुवात अगदी हळू वाजवायला लावलीत. सुराआधी हवेची फसफस आली तर रीड कडक. वरचे सूर उतरायला लागले किंवा जोराची फुंक मारताच रीड मिटली तर नरम. दात टेकवून वाजवणारा जबड्याच्या जोरावर कडक रीडही दामटून नेतो. इथे मात्र जबडा आवळला की वरचा ओठ लगेच दुखतो, आणि तो दुखणं हीच रीड कडक असल्याची खूण, हे तुम्ही दाखवलंत.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं. जी, ए, बी फ्लॅट या सुरांना बोटं जवळजवळ सगळी सुटतात, वाद्य अंगठ्यावर डुगडुगतं आणि त्याला सावरायला ओठ आवळले जातात. हा दोष रीडचा नाहीच! तुम्ही क्लॅरिनेटचा खालचा भाग माझ्या गुडघ्यावर टेकवलात, उजव्या हाताची बोटं त्या सुरांना खालीच ठेवायला सांगितलीत आणि तीच रीड पुन्हा वाजवायला लावलीत. ओठ सैल पडले, बी फ्लॅटवरून वरच्या बी वर जाताना येणारा धक्काही गेला. वाद्य स्थिर केल्याशिवाय रीड पारखू नये, हे मला दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं.

अमेरिकेतला नामांकित जॅझ क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन, त्यानं चाळिशीत, एवढं नाव झाल्यावर, इंग्लंडच्या रेजिनाल्ड केल या क्लॅरिनेटवादकाकडे जाऊन ही दोन ओठांची पद्धत नव्यानं शिकून घेतली, हेही तुमच्याकडूनच कळलं. त्या दिवशी मला फार धीर आला. आपले सनईवाले तर पत्ती दोन्ही ओठांतच धरतात, तेव्हा ही रीत आपल्या कानाला परकी नाही असं मला मनापासून वाटतं.

आता ओठ बळावलेत, त्याच माऊथपीसवर तीन नंबर आरामात चालते. पावसाळ्यात रीडची पाठ फुगली की तुम्ही दिलेल्या बारीक पॉलिश पेपरवर, खाली काच ठेवून, हलक्या हातानं घासते. एकाच डब्यातल्या रीडही सारख्या नसतात, म्हणून प्रत्येकीवर पेन्सिलनं खूण करते.

सर, तुम्ही वेळ दिलात, तोही एक पैसा न घेता. मनापासून आभार. या रविवारी काकूंनाही घेऊन तालमीला या, अडाजिओ पूर्ण वाजवून दाखवते.

तुमची विद्यार्थिनी