टिळकांवर भाषण, पण टिळकांचं भाषण कुठे?

महोदय,

१ ऑगस्ट जवळ आला की शाळाशाळांत वक्तृत्व स्पर्धा सुरू होतात. परीक्षकाच्या खुर्चीत बसलं की शेंगांची टरफलं ठरलेली आणि शेवटी मूठ आवळून ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क’ही ठरलेलं. मुलं तयारीची असतात. पण टिळक स्वतः कसे बोलत, कुणाला काय पटवू पाहत होते, याचा मागमूस नसतो.

१९१६ साली बेळगाव आणि अहमदनगरला त्यांनी स्वराज्यावर केलेली भाषणं मुळातून वाचावीत. आवेश कमी, वकिली जास्त. ऐकायला सामान्य लोक आणि त्यांच्यातच लघुलिपीत टिपणं घेणारे पोलिसांचे लोक. टिळकांनी सरकारचे दोन भाग पाडले: एक न दिसणारं, म्हणजे बादशहाची सत्ता, दुसरं दिसणारं, म्हणजे कारभार हाकणारे अधिकारी. पहिल्याशी भांडण नाही, बदलायचं ते दुसरं. ही फोड श्रोत्यांना समजत होती आणि राजद्रोहाच्या कलमात सहजी अडकत नव्हती. या भाषणांवरून टिळकांकडून चांगल्या वर्तणुकीसाठी २० हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःचं हमीपत्र, मागितला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी नोव्हेंबरात रद्द केला. बचावाला बॅ. जिना होते.

मुलांना हे कुणी सांगत नाही, कारण गुणांचे रकाने उच्चार, हावभाव, पाठांतर आणि वेळ यांचे. (पाठांतरच तपासायचं तर पाढे म्हणून घ्यावेत.)

हीच मुलं उद्या मतदार म्हणून सभेला जातील. तिथे वक्ता ‘निवडून देणार की नाही?’ विचारतो आणि मैदान ‘देणार!’ म्हणून गर्जतं. प्रश्न तर गाडगेबाबाही कीर्तनात विचारत. देवाला आंघोळ कोण घालतं, नैवेद्यावर आलेलं कुत्रं कोण हाकलतं? लोक उत्तर देत आणि आपल्याच उत्तराशी अडखळत. युक्ती तीच, पण बाबांना होकार नको होता. हा फरक आठवीच्या मुलाला कळू शकतो, फक्त कुणी दाखवायला हवा.

संयोजकांना एक सुचवते. भाषण संपल्यावर स्पर्धकाला दोनच गोष्टी विचाराव्यात: समोर कोण बसलंय असं धरून बोललास, आणि त्यांनी घरी जाऊन काय करावं असं तुला वाटतं? निम्मे गुण या उत्तरांना ठेवावेत. वेळ वाढेल ही अडचण सांगितली जाईल. त्यासाठी पाहुण्यांचे सत्कार आणि प्रास्ताविक आटोपतं घेता येईल.

– एक निवृत्त मराठी शिक्षिका, सांगली