तिसरा झरा सापडला नाही हे सांगायला आलेल्या साहेबांना

नमस्कार साहेब,

ओळखलंत का? तळ्याच्या वरच्या अंगाला पिंपळासमोर झेरॉक्सचं दुकान आहे, ती मी. एप्रिलमध्ये तुम्ही नकाशा घेऊन आला होतात आणि सुट्टे नव्हते म्हणून दोन रुपये राहिले, ते दुसऱ्या दिवशी आठवणीने आणून दिलेत, तेव्हाच मी नवऱ्याला म्हणलं की हा माणूस इथे फार दिवस टिकत नाही. आणि बघा, तळ्याचा गाळ काढायचं काम संपतंय न संपतंय तोच तुमची बदली. तुमचं नाव आणि आमच्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, तुमची नोकरी अजून बरीच शिल्लक आहे. सिंधुदुर्गातलं किनाऱ्याजवळचं गाव आणि गावाच्या मधोमध तळं, एवढं पुरे. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

काल दिवसभर धो धो पडत होता. आज सकाळी शटर उघडलं आणि समोर बघितलं तर तळं अर्ध्याच्या वर भरलेलं, आणि पाणी चक्क पाण्याच्या रंगाचं! तुम्ही घाटावरचे, तुम्हाला ह्यात काय विशेष वाटणार, पण आमच्याकडे दर जूनला हे तळं कडक चहासारखं लालभडक व्हायचं, वरती डोंगर कापून प्लॉट पाडलेत ना, ती सगळी माती व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, थेट इथे. आता व्हाळाच्या तोंडाशी तुम्ही तो मोठा खड्डा मारून ठेवलाय त्यात निम्मी अर्धी अडकते. गेल्या आठवड्यात तो भरला तेव्हा समोरच्या आळीतल्या पोरांनी आरडाओरडा करून उपसून घेतला. मी दुकानात एकटीच होते, रडूच आलं मला. म्हणून हे लिहायला बसले, दोन गिऱ्हाईकं परत पाठवली.

मी लग्न होऊन ह्या गावात आले तेव्हापासून तळ्याच्या घाटाला चार पायऱ्या माहीत होत्या. अकरा आहेत हे ह्या मे महिन्यात कळलं.

तुमच्या आधी तीन वेळा गाळ काढलाय ह्या तळ्याचा. कागदावर तरी. एकदा काठाकाठाने जेसीबी फिरवला, फोटो काढले, नारळ फोडला, झालं. एकदा खरंच पुष्कळ काढला पण तो काठावरच रचून ठेवला, सात जूनला मृग लागला आणि आठवड्याभरात गाळ जिथून आला होता तिथे सुखरूप परत गेला, बिल मात्र परत आलं नाही. तिसऱ्या वेळी पंप लावून सगळं पाणी उपसलं, मासे मेले, पंधरा दिवस वासाने दुकानात बसवत नव्हतं, आणि मग काम का कोण जाणे बंद. अर्ज तर विचारूच नका. ते सगळे अर्ज माझ्याच मशीनवर निघायचे, अकरा वर्षं, एकाच्या चार प्रती, पोचपावतीची वेगळी. २०२१ ला बावीस जुलैला चिपळूण बुडालं तेव्हा अख्ख्या कोकणाला गाळ हा शब्द पाठ झाला, तिथले लोक डिसेंबरात उपोषणाला बसले, तेव्हा आमच्याकडेही पुन्हा एकदा सह्यांची मोहीम झाली, पंधरा पानं सह्या, मी पैसे घेतले नाहीत. त्या अर्जावर उत्तर आलं की विषय योग्य त्या विभागाकडे वर्ग केला आहे. तो विभाग कुठला हे शोधायला परत अर्ज. खरं सांगू, ह्या तळ्याने माझं दुकान चालवलंय.

तर तुम्ही आलात तेव्हा आम्ही कोणी खुश बिश नव्हतो. हा घाटावरचा पोरगा, ह्याला इथलं पाणी काय कळणार, असं मीच बोलले होते, कबूल करते.

आता माझ्या सासूबद्दल. तुम्ही तिला आज्जी म्हणायचात. वय चौऱ्याऐंशी, ऐकू कमी, पण डोळे शाबूत. तिचं माहेर धामापूरच्या बाजूला, त्यामुळे तळं म्हटलं की तिला दुसरं काही दिसतच नाही. धामापूरचं तळं १५३० सालचं, २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान मिळाला तेव्हा पेपर मीच तिला वाचून दाखवला, तर म्हणते, "आमका कवाच म्हायत होतां." तिकडची ती गोष्ट तुम्हाला तिने सांगितलीच असणार, की लग्नकार्याला कोणी फुलांची परडी तळ्यात सोडून मागितलं की तळं दागिने द्यायचं, आणि एकाने परत केले नाहीत म्हणून देणं बंद झालं. आमच्या तळ्याचे दागिनेही असेच कोणी कोणी नेले साहेब, फरक एवढाच की त्यांच्या घरांवर स्लॅब पडले.

पोकलेन आत उतरला त्या दिवसापासून ती खिडकीत बसून एकच बडबडत होती, "मेल्यांनू, झरे बुजवशात, कोणतरी सांगा हेंका." तिचं म्हणणं की तळ्यात तीन झरे आहेत, लग्नानंतर चाळीस वर्षं ती तिथे कपडे धुवायची, पायाला कुठे थंडगार लागायचं ते तिला अजून आठवतं. हेच तिने आधीही दोनदा सांगितलं होतं. पहिल्यांदा कंत्राटदाराचा माणूस हसला. दुसऱ्यांदा एक साहेब मला म्हणाले, वहिनी, आजींना आत घेऊन जा, ऊन आहे. तिसऱ्यांदा ती स्वतःच गेली नाही.

तुम्ही मात्र नकाशाच्या झेरॉक्सला आलात, माझ्या तोंडून सहज निघून गेलं आणि तुम्ही विचारलंत, त्या आज्जी आत्ता आहेत का घरी?

पुढचं सगळ्या गावाने बघितलंय. दुकानातली प्लास्टिकची खुर्ची काठावर, तिच्यावर आई, डोक्यावर माझी छत्री, आणि तुम्ही बूट काढून पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्या काळ्या रबरबीत चिखलात. तिथून ओरडताय, "इथं का आज्जी?" आणि ही इथून, झील म्हणजे मुलगा म्हणत, "थय न्हय रे झिला, तीन पावलां उजवेक! तुझ्या न्हय, माझ्या उजवेक!" पोरं मोबाईलवर शूटिंग करत होती, पोकलेनवाला हसत होता, तुमच्या पोटऱ्या दिसेनाशा झाल्या तरी तुम्ही हाताने थांब थांब करत पावलं मोजत होतात. तीन ठिकाणी बांबू रोवून वर लाल फडकी बांधलीत. नकाशावरपण तीन टिंबं काढलीत.

पण आभार त्याचे नाहीत. म्हणजे त्याचेही आहेतच, पण पत्र लिहायला लावलं ते दुसऱ्याच गोष्टीने.

आठवड्याने पहिल्या बांबूशी पाणी फुटलं, दोन दिवसांनी दुसऱ्या. गावात नुसता जल्लोष, म्हातारीचे फोटो सगळ्यांच्या स्टेटसला. तिसऱ्याचं कोणी विचारलंसुद्धा नाही, दोन मिळाले होते ना, वाजवायला तेवढे पुरेसे होते. आणि मग एका संध्याकाळी, काम आटपून सगळे निघून गेल्यावर तुम्ही आमच्या पडवीत आलात. मला वाटलं चहाला आले असतील. तुम्ही तिच्यासमोर खालीच बसलात, नकाशा उघडलात आणि जोरात पण ओरडल्यासारखं न वाटता सांगितलंत, "आज्जी, दोन लागले. तिसऱ्या ठिकाणी पाच-सहा फूट गेलो, कोरडंच आहे. अजून खाली गेलं तर चिकणमातीचा थर फुटंल, म्हणून थांबलोय. तुमचं काय म्हणणं?"

ती बराच वेळ नकाशाकडे बघत होती. तिला नकाशा कळत नाही. मग म्हणाली, "थांबलंस तां बरां केलंस."

एवढंच. दहा मिनिटंही नसतील. पण साहेब, मी ह्या घरात चोवीस वर्षं आहे, तिला कोणी येऊन असा हिशोब दिलेला मी बघितलेला नाही. म्हाताऱ्या माणसांशी लोक दोनच प्रकारे बोलतात, एकतर खेकसून नाहीतर बोबडं. बँकेत, दवाखान्यात, देवळात, आणि घरातही, मी पण त्यातलीच. तुम्ही तिला खोटं बोलू शकला असतात, तिसरा पण लागला आज्जी म्हणून. ती काय बघायला जाणार होती? किंवा आलाच नसतात तरी कोणी नाव ठेवलं नसतं. तुमच्या ऑफिसात वरच्या साहेबाला सांगता तसं तुम्ही तिला सांगितलंत, काय झालं, काय नाही झालं, का थांबलो. त्या रात्री ती दोन घास जास्त जेवली आणि मला विचारते, "काय गो, तो झील खानावळीत जेवता मां? माशे खाता काय?"

थराचं तुम्ही मलाही नंतर समजावलंत दुकानात, की जांभा म्हणजे दगडापेक्षा चाळणच जास्त, चिकणमाती आहे म्हणून पाणी वर टिकतं, खोल जायच्या हौसेने ती फोडली तर तळं पावसात भरेल आणि दिवाळीपर्यंत रिकामं होईल. इथे सगळे ओरडत होते अजून खोल मारा, अजून खोल मारा, पैसे आलेत तर वापरा. तुम्ही ऐकलं नाहीत. ह्या चिकाटीबद्दल शिव्याही खाल्ल्यात, मला माहीत आहे कोणाच्या. एका कोपऱ्यातलं पाणी न उपसता मासे-कासवांना ठेवलंत, वरचं प्लास्टिक वेगळं काढायला लावलंत, बाकीचा गाळ गेला तो लोकांच्या माडांच्या आळ्यांत. गाळयुक्त शिवार हे २०१७ पासून बॅनरवर वाचत होतो, खरोखर ट्रॉलीत बसून शिवारात गेलेला गाळ पहिल्यांदा बघितला. आमच्या दोन माडांनापण घातलाय.

जलपूजनाला मंडप होता, हारतुरे होते, बॅनरवर बावीस फोटो होते, मोजले मी. तुमचा नव्हता. तुम्हाला त्याचं काही नसेल पण मला आहे, कारण तो बॅनर छापायचं डिझाईन माझ्याच दुकानातून पेनड्राईव्हवर गेलं होतं आणि मी गप्प बसले. माफ करा.

अजून एक. तुमच्या नकाशाची मूळ प्रत माझ्या मशीनच्या काचेखाली राहिलीय, तीन टिंबंवाली. लोक इथे आधारकार्डं विसरतात, तुम्ही तळं विसरलात. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलीय, कुरियर नाही करणार, न्यायला यावं लागेल. सोबत सोलं, म्हणजे वाळवलेली कोकमं, आहेत किलोभर, ह्या वर्षीची, आईने स्वतः वाळवलेली, आणि तिचा एक निरोप आहे तो जसाच्या तसा लिहिते, कारण मी हे पत्र वाचून दाखवल्यावर तिने दोनदा बजावलंय:

"तिसरो आसा. पावस गेल्यार परत येवन बगूक सांग त्येका."