अडुळसा कफ पातळ करतो, न्यूमोनिया बरा करत नाही

संपादक साहेब,
खोकल्याचा सीझन आला की अडुळशाच्या काढ्याने न्यूमोनिया पण बरा होतो असले मेसेज फिरतात, हे फार धोक्याचं आहे. अडुळसा थोतांड नाहीये हो, त्याच्या पानातल्या व्हॅसिसिन नावाच्या घटकावरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध बनलं आणि पुढे तसंच अँब्रॉक्सॉल, कफ सिरपच्या बाटल्यांवर आजही ही नावं दिसतात. पण कफ सुटणं वेगळं नि इन्फेक्शन जाणं वेगळं, बॅक्टेरियाचा न्यूमोनिया असेल तर अँटिबायोटिकच लागतं. शिवाय व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावू शकतं म्हणून गरोदर बाईला हा काढा देऊच नये, ते मेसेजमध्ये कुणी लिहीतच नाही! पोराला धाप लागलीय, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातायत तर काढा उकळत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. आरोग्य पुरवणीत एवढं ठळक छापाच.
— एक वाचक