माळ्यावरच्या भुतांचा हिशेब

डिचोली,
१३ जुलै

चि. बाय हीस अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप आईच्या मोबाइलवर ऐकला. पुण्यात घर बदलतेस, जागा लहान आहे, तेव्हा माळ्यावरच्या फिगर्सपैकी, म्हणजे तुझ्या व्हिडिओ गेममधल्या पात्रांच्या बाहुल्यांपैकी, निम्म्या विकून टाकायच्या, मी प्रत्येकीची अवस्था बघून कळवावी. फोटो पाठवलेत, पण फोटोत रंग खोटे येतात आणि मोबाइलवर लिहायला बसलो की माझं चार ओळींत आटपतं. म्हणून कागद घेतला. चवथ तोंडावर आली आहे, चित्रशाळेत साठ गणपती ओले उभे आहेत, पाऊस त्यांना वाळू देत नाही, आणि मी तुझी भुतं पुसत बसलोय. आई म्हणाली, "ह्या वर्षी गणपतीच्या आधीच नरकासूर आला वाटतं."

एकूण अकरा नग मिळाले. सगळ्यांत आधी तो त्रिकोणी डोक्याचा काढला, तुझा पिरॅमिड हेड. हा आला तेव्हा आईने त्याला देवघराच्या भिंतीला लागून ठेवू दिला नव्हता, आठवतं? 'सायलेंट हिल २' हा भुताटकीचा खेळ २००१ चा, कोनामी कंपनीचा, आणि हे रूप मासाहिरो इतो ह्या माणसाने रेखाटलं, हे तू तेव्हा माझ्याकडून घोकून घेतलं होतंस. बाहुली फिग्मा मालिकेतली आहे, म्हणजे सांधे खूप, सोबत पारदर्शक दांडीचा स्टँड. सांधे सगळे धरतात. फक्त उजवा खांदा घट्ट झाला होता. जोर लावला नाही. आईचा केस वाळवायचा ड्रायर दोन मिनिटं धरला, मग तो आपणहून फिरला. विकत घेणाऱ्यालाही हे सांगून ठेव, लोक थंड सांधा पिळतात आणि आतला खुंट मोडतो.

पण त्याचा तो भला मोठा सुरा! खोक्यात तिरका राहिल्यामुळे केळीच्या पानासारखा वाकला होता. मी चहाच्या टोपात पाणी तापवलं, उकळू दिलं नाही, आणि सुरा अर्धा मिनिट बुडवला. गंमत बघ, मी बोट लावायच्या आधीच तो पाण्यात सरळ व्हायला लागला. ज्या साच्यातून निघाला त्याची आठवण त्या प्लास्टिकला राहते. मग पाटावर दाबून धरला आणि नळाखाली गार केला. आता सरळ आहे, टोकाकडे केसभर बाक राहिलाय. टोप मात्र आईने बाद केला.

ह्या बाहुल्याकडे मी पूर्वी नीट बघितलंच नव्हतं. तरुणपणी वाड्यावर दिवाळीत जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्याचं तोंड मीच करायचो. मातीचा साचा, त्यावर खळीत भिजवलेल्या कागदाचे थर, वाळला की सोडवायचा आणि रंगवायचा. आम्ही सगळी भीती डोळ्यांत आणि दातांत घालत होतो. डोळे वटारलेले, जीभ बाहेर, सुळे हातभर. पहिल्या वर्षी पोर रडतं, दुसऱ्या वर्षी त्याच्याच पायाशी नाचतं आणि पहाटे तो जळताना बघून फोव-पोहे खायला घरी येतं. ह्या इतोने उलटं केलंय. डोकं म्हणजे नुसता गंजलेला लोखंडी सांगाडा, त्याला डोळाच नाही. हा आपल्याकडे बघतोय की दुसरीकडे, काही कळत नाही. रात्री लाइट गेले तेव्हा मेणबत्तीत मी त्याचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं. हे आईला सांगू नकोस.

असं काही आपल्याकडे असेल तर वेताळात. लोलयेला तुला नेलं होतं, उघड्यावरचा तो दगडी वेताळ. आपल्याकडच्या वेताळाच्या मूर्तींत बरगड्या मोजून घ्याव्यात अशा कोरतात, पोटावर विंचू असतो. कारागिराने मांस काढून घेतलं आणि भीती शिल्लक ठेवली. तुझ्या 'डेड स्पेस'च्या आयझॅकच्या चिलखतावरही बरगड्यांसारखे पट्टे आहेत. पाठीच्या कण्यावर जी निळी रेघ आहे ती त्याचा जीव किती उरलाय ते दाखवते, असं तू सांगितलं होतंस. खेळात जीव मोजायची पट्टी पडद्याच्या कोपऱ्यात न ठेवता त्याच्या पाठीवरच ठेवली, ही कल्पना मला अजून आवडते. तो नेका कंपनीचा नग आहे, सात इंची मापातला. रंग बारकाईने बघितला. पट्ट्यांच्या खाचांत काळपट पातळ रंग सोडून वरून पुसून घेतलाय, आपण मुकुटाच्या नक्षीत करतो तसाच. निळी रेघ एका ठिकाणी खाचेबाहेर गेली आहे, सुईच्या टोकाएवढी. कारखान्यातच झालेलं आहे ते, आपण केलेलं नाही. लिहिताना तसंच लिही.

'सायलेंट हिल'च्याच नर्स दोन आहेत आणि त्यांतली एक खोटी आहे. तुला माहीत होतं का? जी तू अर्ध्या किमतीत मिळाली म्हणून नाचत आली होतीस, ती. दोघींना खिडकीच्या उजेडात शेजारी उभं केलं की शेंबड्या पोरालाही कळेल. खरीचा अंगरखा मळका आहे, म्हणजे मळका रंगवलेला आहे, डाग घडीच्या आत गडद आणि वर फिकट. खोटीचे डाग वरून चोपडलेत, घडीशी त्यांचा काही संबंध नाही. कातडी तुकतुकीत, हिरव्या नारळासारखी. दंडाच्या कडेने साच्याची रेघ तशीच राहिलीय, कोणी घासायची तसदी घेतलेली नाही. गुडघा उभा राहत नाही आणि इतकी वर्षं झाली तरी थिनरचा वास जात नाही. निर्मात्याचं नावही कुठे सापडलं नाही. तिला खरी म्हणून विकू नकोस. बूटलेग, म्हणजे नक्कल, म्हणून विकायलाही मला बरं वाटत नाही. वाड्यावरची पोरं दिवाळीत खेळतील तिच्याशी.

तुझा लिऑन, 'रेझिडेंट ईव्हिल २'च्या नव्या आवृत्तीतला, डॅमटॉइज कंपनीचा, एक षष्ठांश मापाचा, सगळ्यांत महागडा नग तोच. फूटभर उंची, अंगावर खरं कापड. गोव्याच्या हवेत खरं कापड म्हणजे संकट. गणवेशावर कॉलरच्या मागे बुरशीचे दोन ठिपके होते, कोरड्या ब्रशाने निघाले. नकली कातड्याचे पट्टे असतात ना, ते दमट हवेत पापुद्र्यासारखे सुटतात. ह्याचे अजून सुटलेले नाहीत, पण एका ठिकाणी नखाला चिकटतात. हा आधी विक. पुण्याच्या हवेत तो जगेल, इथे दोन पावसाळे काढणार नाही.

बाकीचे चार-पाच चिकट झाले होते, बोट लावलं की गुळाच्या ढेपेला लावल्यासारखं. तू त्यांना प्लास्टिकच्या पिशव्यांत गच्च बांधून ठेवलं होतंस, चांगल्या हेतूने. पीव्हीसी लवचीक राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते उन्हाळ्यात वर येतं, आणि पिशवी बंद असली की जायला वाट राहत नाही. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून धुतले आणि पंख्याखाली सुपात वाळवले. आता नीट आहेत. पुढे पिशवी नको. सिलिका जेलची पुडी आणि थोडी हवा, बस.

आता खोक्यांचं.

तू विचारलंस, "बॉक्स सगळे आहेत ना?" आणि मी त्या दिवशी फोनवर आईकडे विषय वळवला. बाय, सगळे नाहीत. तू गेलीस त्याच पावसाळ्यात माळ्यावरचं एक कौल सरकलं. मी घाईघाईने तुझं सामान खाली आणलं आणि चिकणमातीच्या ढिगाशेजारी भिंतीला लावून ठेवलं. चवथीच्या गडबडीत मग विसरलोच. ऑगस्टच्या शेवटी बघतो तर वाळवीने दोन खोक्यांचे तळ भुग्यासारखे केले होते, पिरॅमिड हेडचा आणि खऱ्या नर्सचा. तिसऱ्याला ओल आली होती. बाहुल्या आतल्या प्लास्टिकच्या ब्लिस्टरमध्ये शाबूत होत्या म्हणून मी जीव मुठीत धरून गप्प बसलो. वाटलं होतं, पुठ्ठाच तर आहे. पुठ्ठ्याला किती किंमत असते ते मला ह्या आठवड्यात तुझ्या त्या विक्रीच्या पानांवर वाचून कळलं. तोच नग, खोक्यासकट एक भाव आणि बिनखोक्याचा, म्हणजे 'लूज', दुसरा भाव, आणि दोहोंत एवढा फरक की माझी एक मूर्ती निघेल. मला हे पटत नाही. खोका काही कोणी कोरलेला नसतो. पण बाजार माझ्या पटण्यावर चालत नाही, आणि नुकसान माझ्या हातून झालंय. जो फरक पडेल तो मी चवथीचे पैसे आले की पाठवतो. नको म्हणू नकोस.

भावाचं आणखी एक. विकल्यावर परत घ्यावंसं वाटलं तर पूर्वीच्या पैशांत मिळेल असं समजू नकोस. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. तू बरंचसं त्याआधी घेतलेलं आहेस. उलट 'सायलेंट हिल २' २०२४ च्या ऑक्टोबरात नव्याने आला, त्यामुळे पिरॅमिड हेडला विचारणारे भेटतील. पण कंपनीने तोच नग पुन्हा काढला तर जुन्याचा भाव उतरतो. तेव्हा फार ताणून धरू नकोस.

राहिला बिग डॅडी. 'बायोशॉक'चा, पाणबुड्याच्या पोशाखातला, हाताला तो भलामोठा ड्रिल. मामाने दुबईहून आणला होता, तू नववीत होतीस. आठ दिवसांत तू तो जिन्यावरून पाडलास, ड्रिल निखळलं आणि रंग उडाला, आणि तू जेवली नव्हतीस. मी ड्रिलच्या आत तांब्याच्या तारेचा खुंट घातला आणि गंज रंगवायला काव वापरली, खरी काव, चित्रशाळेतली. त्या रात्री तू माझ्या शेजारी स्टुलावर बसून सांगत होतीस की हा राक्षस नाही, समुद्राच्या तळाशी एका लहान मुलीला सांभाळत फिरतो, तिला कोणी हात लावला तरच चवताळतो. मला गोष्ट अर्धीच समजली होती.

आज तो पुन्हा उजेडात धरून बघितला. परीक्षक म्हणून बोलायचं तर त्याला भाव नाही. रंग मूळचा नाही, जोड मूळचा नाही, खोका तर तुझ्याच हातून फाटलेला. कावेचा लाल कंपनीच्या लालापेक्षा थोडा जास्त मातकट आहे, पण गंज मातकटच असतो, कंपनीवाल्यांनी आपल्या घराच्या खिडकीचे गज बघितले नाहीत म्हणून चुकले.

यादी सोबत जोडली आहे, दहा नगांची. अकरावा धरलेला नाही. तो मी चित्रशाळेच्या खिडकीत ठेवलाय, ओल्या गणपतींच्या रांगेच्या टोकाला.

आईचा आशीर्वाद. पार्सल गुरुवारच्या रात्रीच्या बसने पाठवतो, ड्रायव्हरचा नंबर आई कळवेल.

तुझा,
बाबा

ता. क. सुऱ्याचा बाक दोन दिवसांत पुन्हा आला तर परत टोप तापवावा लागेल. नवा टोप येताना घेऊन ये.