मासे कोण बघणार

बर्लिन, 8 फेब्रुवारी

ती. बाबांना आणि ती. सौ. आईला साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोन ठेवताना बाबा नेहमीसारखंच म्हणाले, "तू उगाच धावपळ करून येऊ नकोस, तुझे मासे कोण बघणार?" मी "बघू" म्हटलं आणि फोन ठेवला. बाबा, गेली दोन वर्षं हे वाक्य ऐकलं की मला ते लागतं. का लागतं, ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. बोलायला गेले की गळा दाटतो, म्हणून आज सकाळपासून लिहायला बसले आहे. बाहेर बर्फ पडतोय, घरात टाकीच्या पंपाची बारीक घरघर चालू आहे.

आधी आनंदाची बातमी. नव्या टाकीत सगळी मंडळी राहायला गेली. शेवटचा मासा परवा हलवला.

आई, तुला अंदाज यावा म्हणून सांगते: 120 सेंटिमीटर लांब, 60 रुंद, 60 उंच. खालच्या कपाटात आणखी एक लहान टाकी आहे, तिला संप म्हणतात. हीटर, पंप, गाळणी सगळं तिच्यात असतं, त्यामुळे वर नुसते खडक, प्रवाळ आणि मासे दिसतात. दोन्ही मिळून 500 लिटर पाणी. आपल्या गच्चीवरच्या काळ्या टाकीच्या निम्मं. जुनी टाकी 130 लिटरची होती.

"फुटली तर?" हे तू तिसऱ्यांदा विचारलंस, आणि ते साहजिक आहे. 16 डिसेंबर 2022 ला इथल्या एका हॉटेलातली ॲक्वाडोम नावाची माशांची प्रचंड टाकी पहाटे फुटली, दहा लाख लिटर पाणी रस्त्यावर आलं, तेव्हा तू घाबरून फोन केला होतास. त्यात सुमारे 1,500 मासे होते, त्यातले बहुतेक गेले. मी त्या दिवशी कामावर बसून रडले होते. पण तो ॲक्रिलिकचा कित्येक मजल्यांएवढा उंच नळकांडा होता, माझी काचेची पेटी आहे. तरी भीती म्हणून जे करायचं ते सगळं केलं. तिसऱ्या मजल्यावर लाकडी तुळयांवर 700 किलो ठेवायला मन धजेना. त्याच इमारतीत तळमजल्यावरचं घर रिकामं झालं, तेव्हा ऑक्टोबरात तिथे हलले. इथे जमिनीखाली तळघराच्या विटांच्या कमानी आहेत. इंजिनिअरने येऊन बघितलं, भिंतीलगत जागा आखून दिली. स्टँड चारी बाजूंनी गवंड्याची लेव्हल लावून बसवला. मग साधं नळाचं पाणी भरून आठ दिवस टाकी तशीच ठेवली, खाली वर्तमानपत्रं पसरून. बाबा गळका नळ शोधायला करायचे तसं. रोज कामावरून आले की गुडघ्यावर बसून कागद हाताने चाचपायचे. आठही दिवस कोरडे.

इथल्या नळाच्या पाण्यात चुना फार. किटलीच्या तळाला महिन्याभरात पांढरा थर बसतो. ते पाणी प्रवाळाला चालत नाही, म्हणून आधी आरओमधून आणि मग रेझिनमधून काढून अगदी कोरं करायचं आणि त्यात मीठ घालायचं. हे मीठ आपल्या मिठागरातलं नव्हे. यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट सगळं मोजून असतं. लिटरला 35 ग्रॅमच्या वरच लागतं, म्हणजे पूर्ण टाकीला जवळजवळ 20 किलोची बादली. पाणी 25 अंशांवर.

संपमध्ये एक यंत्र आहे, स्किमर. ते पाण्यात बारीक बुडबुडे सोडतं आणि वर फेस काढतं. पावसाळ्यात भाट्याच्या किनाऱ्यावर तपकिरी फेस साचतो ना, मी लहानपणी तो पायाने उडवायचे, तोच हा. पाण्यातली घाण बुडबुड्याच्या अंगाला चिकटून वर येते. जिवंत खडक, म्हणजे जीवाणूंची वस्ती असलेले खडक, आणि स्किमर, एवढ्यावर रीफ टाकी, म्हणजे प्रवाळांची टाकी, चालवायची ही पद्धत याच शहरातल्या हौशी लोकांनी रुजवली, म्हणून जगभर तिला बर्लिन पद्धत म्हणतात. मी जिथे राहते तिथलंच हे, याचं मला फार अप्रूप आहे.

पाणी तयार झालं तरी लगेच मासे सोडायचे नसतात. बाबा, हा तुमचा प्रांत. पाण्यात थोडं अमोनियम क्लोराइड घातलं आणि जुन्या टाकीतला एक खडक ठेवला. त्या खडकावरचे जीवाणू नव्या खडकांवर पसरतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. पाच आठवडे रोज तपासत होते. आधी अमोनिया चढला आणि उतरला, मग नायट्राइट चढलं, आणि नाताळच्या सुमारास दोन्ही शून्यावर आली. मग सगळ्या खडकांवर तपकिरी बुरशीसारखा थर आला, काचेवरही. पहिल्या टाकीच्या वेळी असा थर बघून मी घासून घासून हैराण झाले होते. आता माहीत आहे, नव्या टाकीला हे होतंच. शंखगोगलगायी सोडल्या, त्यांनी तीन आठवड्यांत चाटून साफ केलं.

आता जे सांगायचं आहे ते.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये बाबांच्या अँजिओप्लास्टीला मी आले होते. सहाव्या दिवशी हॉस्पिटलात बाकावर बसलो असताना माझ्या फोनवर मेसेज आला, आणि आई, तू विचारलंस, "काय गं, तोंड का उतरलं?" मी म्हटलं, ऑफिसचं काहीतरी. ते ऑफिसचं नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या आजी रोज संध्याकाळी माशांना दाणे घालायला यायच्या, त्यांनी फोटो पाठवला होता. हीटरचं रिले आतून चिकटलं होतं, हीटर बंदच होईना. पाणी 35 अंशांच्या वर गेलेलं. फोटोत प्रवाळ पांढरेशुभ्र दिसत होते. प्रवाळाचा रंग त्याच्या अंगात राहणाऱ्या शेवाळाचा असतो, तेच शेवाळ त्याला उजेडातून अन्न करून देतं. पाणी तापलं की प्रवाळ त्या शेवाळाला बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. 1998 साली लक्षद्वीपला समुद्र तापून हेच झालं होतं. मी ते वाचलं होतं, पण वाचणं वेगळं.

आजींनी प्रसंगावधान राखलं. मी पाणी बदलायला म्हणून खारं पाणी बादलीत मिसळून ठेवलं होतं, त्यात त्यांनी चहाच्या गाळणीने एक क्लाउनफिश उचलून टाकला. तो वाचला. खडकाखाली नखाएवढं एक हिरवं मशरूम प्रवाळ होतं, तेही वाचलं. बाकी चार वर्षांचं सगळं गेलं.

बाबा, तुम्ही तेव्हा आतल्या खोलीत टाळूला जीभ लावून पडला होतात, मी कुठल्या तोंडाने सांगणार होते? नंतर सांगायचं म्हटलं तर तुम्हाला वाटलं असतं, आपल्यापायी पोरीचं सगळं गेलं. तुमच्यापायी नाही गेलं. एकाच मोठ्या हीटरवर विसंबले म्हणून गेलं. त्या आठवड्यात मी तुमच्याजवळ होते याचा मला एक क्षणही पश्चात्ताप झालेला नाही. पण "मासे कोण बघणार" म्हटलं की तो फोटो डोळ्यांपुढे येतो.

म्हणून मोठी टाकी. तुम्हाला वाटलं असेल, हौस वाढली. हौस आहेच, पण पहिलं कारण हे, की मला निर्धास्तपणे घरी येता यावं. बाबा, ढोबळ गणित करून बघा. जुनं 130 लिटर पाणी, 300 वॅटचा हीटर. एक अंश चढायला अर्धा तास. आता 500 लिटर, म्हणजे एका अंशाला साधारण 2,100 किलोज्यूल. हीटर 150 वॅटचे दोन. त्यातला एक चिकटला तर एक अंश चढायला जवळजवळ चार तास, आणि तेवढ्या वेळात खोलीच्या थंडीने अर्धी उष्णता बाहेर जाते. वर एक स्वतंत्र कंट्रोलर आहे. पाणी 26.5 अंशांवर गेलं की तो दोन्ही हीटरची वीज तोडतो आणि मला फोनवर कळवतो. रत्नागिरीतही कळेल. उडून जाणारं पाणी आपोआप भरलं जातं. हिवाळ्यात घर गरम केल्यामुळे हवा इतकी कोरडी होते की दिवसाला चार-पाच लिटर उडतं. मीठ उडत नाही, त्यामुळे वरून फक्त गोडं पाणी.

आता माशांचं आणि प्रवाळांचं घर बदलण्याची हकिकत. जानेवारीचा पूर्ण महिना त्यात गेला, आणि घाई केली नाही याचं मला समाधान आहे. दोन्ही टाक्यांचं मीठ आणि तापमान जुळवलं. आधी मऊ प्रवाळ नेले, मग टणक, मग ॲनिमोन, म्हणजे क्लाउनफिश ज्याच्या झुबक्यात राहतात तो फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी. त्याचा पाय खडकाला घट्ट असतो, ओढला तर फाटतो, म्हणून खडकासकटच उचलला.

टणक प्रवाळांमध्ये एक फांद्यांचा ॲक्रोपोरा आहे. दीट्रिश श्ट्युबर नावाच्या इथल्या एका हौशी माणसाने घरच्या टाकीत हा वाढवून दाखवला आणि त्याचे तुकडे लोकांना दिले. ते वाढले, त्यांचे आणखी तुकडे झाले. मला एका म्हाताऱ्या गृहस्थांनी करंगळीएवढा शेंडा दिला होता. आई, इथले लोक याला फ्रॅग म्हणतात, पण मी मनात कलमच म्हणते. आपल्या आजोबांनी पावसच्या झाडाचं हापूसचं कलम आणून परसात लावलं, तसंच. फक्त चिखल-सुतळीऐवजी सुपरग्लूचा थेंब, आणि खडकावर दाबून धरायचं.

त्या कलमाचे शेंडे पहिल्या आठवड्यात जळाले, टोकांना पांढरं हाड दिसायला लागलं. मग रात्री अकरा वाजता पाणी तपासायला घेतलं. चार मिलिलिटर पाणी, त्यात इंडिकेटर, निळसर हिरवा रंग. सिरिंजमधून आम्ल थेंबाथेंबाने सोडायचं आणि बाटली हलवत राहायची. बाबा, प्रयोगशाळेत तुम्ही म्हणायचात, "रंग रेंगाळायला लागला की हात आवर." तो रेंगाळला, पुढच्या थेंबाला गुलाबी झाला. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या बायकार्बोनेटचं माप, 11 निघाली. जुन्या टाकीत ती 8 होती. नव्या मिठातच जास्त होती आणि मी गृहीत धरलं होतं. दहा दिवसांत हळूहळू खाली आणली. परवा भिंगातून बघितलं, जळलेल्या टोकाच्या बाजूने नवी फिकट निळी कड आली आहे.

शेवटी वाचलेला तो मासा. तो आता ती आहे. क्लाउनफिश सगळे जन्माला नर येतात. जोडीतली मादी गेली की उरलेला नर मादी होतो. आमची तेव्हाची मादी त्या उष्णतेत गेली. हा लहानखुरा नर वर्षभरात वाढून थोराड मादी झाला, आणि मी तिला एक छोटा जोडीदार आणून दिला. तिला जाळीने धरलं नाही, जाळीत पंख फाटतात. प्लॅस्टिकचा डबा आडवा बुडवून धरला आणि वाट बघत राहिले. पाऊण तासाने ती आपणहून आत आली. नव्या टाकीत सोडल्यावर दिवसभर एका कोपऱ्यात पंपामागे थरथरत उभी होती. मी जेवले नाही. सकाळी सहाला अंधारातच टॉर्चवर हात धरून बघितलं, तर ती ॲनिमोनच्या झुबक्यात आडवी, आणि छोटा तिच्या पोटाशी.

त्याआधी पाच दिवसांची चाचणीही झाली. मी मैत्रिणीकडे हॅम्बुर्गला गेले आणि आजींना चाव्या दिल्या. दाण्यांच्या रोजच्या पुड्या करून ठेवल्या होत्या. कुठला प्लग कधी काढायचा ते मोठ्या अक्षरात कपाटाच्या दाराला लावलंय. आजी ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, पण अक्षरशः डोळ्यांत तेल घालून बघतात. आई, त्यांच्यासाठी तुझ्या हातची आंबापोळी न्यायची आहे, जास्त करून ठेव.

तिकीट काढलंय. 20 एप्रिलला मुंबई, तिथून रात्रीच्या गाडीने रत्नागिरी. 31 मेपर्यंत राहणार, पूर्ण सहा आठवडे. बाबांच्या तपासण्यांच्या तारखा मेमध्ये घ्या, मी बरोबर येईन. एक दिवस झाडगावच्या मत्स्यालयातही जाऊ, मला तो देवमाशाचा सांगाडा परत बघायचा आहे.

शोकेसमधला पांढरा दगड शेजारच्या मुलाने त्याच्या फिशटँकसाठी मागितलाय, असं आई म्हणालीस. देऊ नकोस. आजोबांना तो मालवणच्या वाळूत सापडला होता तेव्हाची गोष्ट वेगळी. 2001 पासून वन्यजीव कायद्यात प्रवाळ वाघाच्याच अनुसूचीत आहेत, ते असे हातोहात द्यायचे नसतात. शिवाय तो दगड नाहीच. लहानपणी मी त्याच्या भोकांत पेन्सिलचं टोक घालत बसायचे, त्या एकेका भोकात एकेक जीव राहत होता. बाबा, तुमचं पितळी मुठीचं भिंग कपाटात वरच्या खणात असेल, काढून ठेवा. मी आल्यावर आपण तिघं ओट्यावर उजेडात बसून तो नीट बघू.

तुमची,
मनू