दोन सनांची एक फुलदाणी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

अठराव्या शतकातला डच चित्रकार यान फान हॉयसम याच्या पुष्पचित्रावरून तू केलेला पोस्टरचा आराखडा मिळाला. फुलांचे सपाट आकार आणि भोवतालची मोकळी जागा, दोन्ही मला आवडले. मात्र एक हरकत आडपडदा न ठेवता लिहितो. या चित्राची मांडणी तू नेमकी उचललीस, पण त्यातला काळ तुझ्या हातून निसटला.

लंडनच्या नॅशनल गॅलरीतील या चित्रावर सहीबरोबर १७३६ आणि १७३७ असे दोन सन आहेत. वसंतातली फुले आणि शरदातली द्राक्षे एका फुलदाणीपाशी कधीच जमत नाहीत, म्हणून जे फूल समोर हवे त्याच्या हंगामापर्यंत थांबायची या गृहस्थाची तयारी असे. पिवळा गुलाब मिळाला नाही म्हणून चित्र अपुरे राहिल्याचे त्याने १७४२ साली एका पत्रात कळवले होते. (आपल्या ग्राहकांना अशी सबब सांगून पाहा!) प्रत्यक्षात कधीच नसलेला हा गुच्छ इतका खरा वाटतो, यातच त्या चित्राची सारी जादू आहे, आणि तुझ्या आराखड्यात सगळी फुले एकाच सकाळी खुडून आणल्यासारखी दिसतात.

माझी सूचना अशी, की डिजिटल छपाईऐवजी तीन पारदर्शक शायांचे स्क्रीन प्रिंटिंग कर, म्हणजे प्रत्येक शाईला वेगळी जाळी (स्क्रीन) वापरून एकावर एक छपाई. ट्यूलिप, हायसिंथ अशी वसंतातली फुले निळ्या शाईत, उन्हाळ्यातले गुलाब गुलाबी शाईत आणि शरदातली फळे पिवळ्या शाईत छाप, मग फुलाचा मूळ रंग कोणताही असो. जिथे ट्यूलिपवर गुलाबाची पाकळी येईल तिथे आपोआप जांभळा उमटेल, म्हणजे दोन ऋतूंची भेट फक्त कागदावरच झाली हे पाहणाऱ्याला न सांगता कळेल. रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, केसभर हलले तरी ते दुरुस्त करत बसू नकोस.

पानांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तू त्यांचा निळसर रंग आयड्रॉपरने (संगणकावरच्या रंग टिपणाऱ्या साधनाने) चित्राच्या छायाचित्रातून उचललेला दिसतो. त्या काळच्या अनेक डच पुष्पचित्रांत हिरवा रंग निळ्यावर किंवा निळ्यात वनस्पतिजन्य पिवळा मिसळून साधलेला असे. तो पिवळा उजेडाने उडत गेला आणि पाने निळी पडली. तेव्हा तू घेतलेली छटा बरीचशी उजेडाची करणी असावी. म्हणून पाने आधी निळ्या शाईत छापून त्यांवर पिवळा चढव, आणि निम्म्या प्रतींत पानांवरचा पिवळा मुद्दाम गाळ. दोन्ही प्रती शेजारी टांगल्या की मधली पावणेतीनशेहून अधिक वर्षे दिसतील.

पार्श्वभूमीचा काळा रंग मात्र काढून टाक. आधीच्या डच चित्रकारांना तो प्रिय होता, पण हॉयसमने स्वतःच पुढे उजळ पार्श्वभूमी पत्करली, शिवाय काळ्यावर पारदर्शक शाई मरते. कागद पांढरा, किंचित खरबरीत घ्यावास. चित्रात खाली दिसणाऱ्या पक्ष्याच्या घरट्यातली अंडी कोणत्याही शाईने न छापता कागद तिथे कोराच ठेव, आणि अक्षरे फुलदाणीच्या पोटावरून हलवून कडेला ने.

तिसऱ्या स्क्रीनचा खर्च करण्याआधी निळ्या-गुलाबीची एक चाचणी प्रत काढून मला पाठव. जांभळा मळकट आला तर गुलाबी शाई आणखी पातळ करावी लागेल.

कळावे.

तुझा,
अविनाश